भुरीच्या नोंदी: भित्र्या कुत्रीला घरात रुळवताना

१० जानेवारी

भुरी अंदाजे दोन वर्षांची आहे आणि आजवर तिने एकाही घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. एका बंद पडलेल्या आवारात वाढलेल्या कुत्र्यांच्या कळपातून तिला शेल्टरमध्ये आणले गेले. तिथेही ती मागच्या भिंतीला पाठ लावून बसते, माणसाकडे पाहत नाही आणि रात्री सामसूम झाल्यावरच खाते, असे तिथे देखभाल करणाऱ्या ताईंनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितले होते. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचे असताना माणूस, घर, आवाज यांच्याशी त्याची जी ओळख होते, तिच्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. तो काळ माणसाविना गेला असेल तर ही ओळख नंतरही करून देता येते, परंतु तिला फार वेळ लागतो आणि काही बाबतींत ती अपुरीच राहते. म्हणून आम्ही हिशेब आठवड्यांचा न धरता महिन्यांचा धरला आहे. असे कुत्रे घरी आणू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, यासाठी या नोंदी ठेवत आहे.

तयारीत सर्वांत जास्त वेळ मागची खोली लावण्यात गेला. ही खोली कोणाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नाही, म्हणून ती निवडली. कोपऱ्यात मोठा पिंजरा ठेवून त्याचे दार पूर्ण काढून टाकले आणि तीन बाजूंनी जुनी चादर सोडली. कपाटामागची आणि पलंगाखालची फट खोकी लावून बंद केली. भेदरलेले कुत्रे अशा फटीत घुसले की त्याला ओढून काढण्याची वेळ येते आणि नेमकी तीच वेळ आम्हाला येऊ द्यायची नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की आधीच घाबरलेले कुत्रे आणखी घाबरते. त्यामुळे पिंजऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी चटयांची पट्टी अंथरली.

तिच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक आमच्या नावावर आणि फोनवर नोंदवून घेतला. या चिपमधून कुत्र्याचा ठावठिकाणा कळतो, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. वाचकयंत्र अंगावरून फिरवले तरच क्रमांक दिसतो, म्हणून गळपट्ट्यावर फोन क्रमांकाचा बिल्लाही बसवून घेतला.

१४ जानेवारी

आज भुरी आली. शेल्टरमध्ये तिच्या ओळखीच्या माणसांनीच तिला हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारे, बकलने लावायचे पट्टे) घातला आणि प्रवासाच्या पेटीत बसवले. पेटी गाडीपाशी किंवा अंगणात न उघडता थेट मागच्या खोलीत आणली, खोलीचे दार लावले आणि मगच पेटीचे झाकण उघडून आम्ही बाहेर पडलो. नव्या घरी आलेली भित्री कुत्री बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच, गाडी ते दार एवढ्या अंतरात निसटतात, हे ताईंनी बजावून सांगितले होते.

खोलीत एक जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून ठेवला आहे. आम्ही झोपल्यानंतर बऱ्याच वेळाने ती पेटीतून बाहेर आली, भिंतीला अंग घासत पाण्यापर्यंत गेली, दोन घोट प्यायली आणि परतली. खाणे तसेच राहिले.

१७ जानेवारी

तिने पहिल्यांदा खाल्ले, तेही रात्री. लघवी मात्र फार उशिरा केली आणि ती चटईवर. कुत्रे घाबरलेले असताना लघवी बराच काळ धरून ठेवते, त्यामुळे डाग पाहून आम्हाला सुटल्यासारखे वाटले. डाग एन्झाइमच्या द्रावणाने पुसला. अमोनिया असलेले फरशीचे द्रावण वापरू नये, कारण त्याचा वास कुत्र्याला लघवीची आठवण करून देतो आणि ते पुन्हा तिथेच जाते.

मी खोलीत असताना ती काय करते, ते वहीत लिहून काढले: नाक चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, पुढचा एक पाय किंचित उचलून धरणे, मान न वळवता डोळ्याच्या कडेने पाहणे आणि त्या वेळी डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणे, आणि शेवटी दगडासारखे निश्चल होणे. हे निश्चल होणे फसवे असते. घरी आलेले लोक "किती शांत आहे" म्हणून कौतुक करतात, पण शांत कुत्र्याचे अंग सैल असते आणि श्वास संथ चालतो. भुरीच्या पोटाची कातडी घट्ट ओढलेली होती आणि श्वास दिसतही नव्हता.

प्रगती मोजण्यासाठी एकच माप ठरवले आहे. मी किती अंतरावर बसले असता ती खाते? आज उत्तर असे आहे की मी खोलीत असेन तर ती खात नाही.

२३ जानेवारी

आजचा प्रयोग फसला आणि तो नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घरांत पहिला प्रयत्न हाच होतो. भाऊ जमिनीवर बसला आणि त्याने तळहातावर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरला. भुरीने मान लांबवली, परंतु मागचे पाय पिंजऱ्यातच रोवून ठेवले. अंग इतके ताणले गेले की मांड्या थरथरत होत्या. तुकडा तोंडात आला त्या क्षणी आपण माणसाच्या किती जवळ आलो आहोत हे तिच्या ध्यानात आले, ती उलटी उडाली, पिंजऱ्याच्या सळ्यांवर आदळली आणि तुकडा तोंडातून पडला. त्यानंतर दिवसभर ती बाहेर आली नाही.

खाऊच्या ओढीने पाय पुढे येतात, मन मागेच राहते. ज्या अंतरावर मन तयार नाही तिथपर्यंत कुत्र्याला ओढून आणले की खाऊ संपताच भीती दुप्पट होऊन समोर येते आणि हळूहळू खाऊच संशयास्पद ठरतो. हातावरून भरवणे आजपासून बंद केले आहे.

२ फेब्रुवारी

हातावरून भरवण्याऐवजी जे सुरू केले त्याचा परिणाम दिसू लागला आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते. मी दाराजवळ, तिच्याकडे कूस करून जमिनीवर बसते. तोंड तिच्याकडे नसते. एखादे पुस्तक एका लयीत, हलक्या आवाजात वाचत राहते. तिने कान हलवला, नाक उचलले किंवा माझ्याकडे पाहिले की नखाएवढा खाऊचा तुकडा तिच्या मागे, तिच्याच कोपऱ्याच्या बाजूला टाकते. तो उचलण्यासाठी तिला माझ्यापासून दूर जावे लागते. दूर गेल्यावर तिचा श्वास मोकळा होतो, ती तुकडा खाते आणि मग आपण होऊन तोंड पुन्हा माझ्याकडे वळवते. हे वळणे महत्त्वाचे आहे, कारण त्यात कोणाचे आमिष नाही आणि कोणाची जबरदस्ती नाही. पुढचा तुकडा त्या वळण्यानंतर पडतो.

तुकडा टाकताना हात खांद्याच्या वर गेला की ती मान आत ओढून जमिनीला चिकटते. तिच्यावर कोणी कधी दगड उगारला असेल का, हे मला कळण्याचा मार्ग नाही, पण वर गेलेला हात तिला सहन होत नाही एवढे खरे. म्हणून तुकडा जमिनीलगत घरंगळत सोडते. दुसरे असे की ती कंटाळण्याच्या किंवा थकण्याच्या आधी मी उठते, आणि उठण्यापूर्वी हळू आवाजात "चला" म्हणते, म्हणजे उठण्याची हालचाल अचानक होत नाही.

आता मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असताना ती खाते.

९ फेब्रुवारी

ती वाटीतले पाणी पिण्यास घाबरते, हे कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा दिसत होते. ती वाकायची, एकदा जीभ लावायची आणि दचकून मागे व्हायची. चित्रण आवाज वाढवून पाहिल्यावर कारण सापडले. मान खाली गेली की गळ्यातला धातूचा बिल्ला स्टीलच्या काठावर आपटून "टिंग" असा आवाज होत होता. कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास आहे. आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या धातूच्या नादात तिला आणखी काय ऐकू येत असेल, याची आपल्याला कल्पना नसते. बिल्ल्यावर रबरी कडे चढवले आणि पाणी जाड मातीच्या पसरट भांड्यात ठेवले. त्याच रात्री ती पोटभर प्यायली.

१३ फेब्रुवारी

मोठी पीछेहाट. हार्नेस पुन्हा घालता येणार नाही म्हणून तो आम्ही अंगावरच राहू दिला होता. आज ती पाय पसरून झोपली असताना काखेतले केस गेलेले आणि कातडी लाल झालेली दिसली. हार्नेस काढणे भाग होते आणि तिला स्पर्शाची सवय अजिबात नव्हती. घरी आलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने अंगावर चादर टाकून, डोळे झाकून, शक्य तितक्या कमी वेळात बकल सोडवले. तिने चावण्याचा प्रयत्नही केला नाही. तिने आहे त्या जागी लघवी केली आणि डोळे मिटून घेतले. मला ते पाहणे फार जड गेले.

हार्नेस अंगावर ठेवण्याचा निर्णय तेव्हाच्या परिस्थितीत योग्य होता असे मला अजूनही वाटते, परंतु तो आतून मऊ अस्तर असलेला हवा होता आणि काखा रोज पाहायला हव्या होत्या. इतरांनी एवढे जरूर करावे.

२८ फेब्रुवारी

जवळपास पंधरवडा गेला. पुन्हा खोलीत माणूस असताना न खाण्यापासून सुरुवात करावी लागली. मात्र या वेळी परतीची वाट लवकर सरली. मी पुन्हा कूस करून बसले, पुन्हा तेच पुस्तक त्याच आवाजात वाचले, आणि ती काही दिवसांतच जुन्या अंतरावर आली. आधी जमलेला विश्वास पुसला गेला नव्हता, तो झाकला गेला होता, असा माझा समज झाला आहे.

७ मार्च

दाराचा प्रश्न. खोलीचे दार दिवसभर उघडे असूनही ती उंबरठ्यावर थांबते, पुढचा पाय पलीकडे टाकते आणि परत घेते. मी दारात उभी राहून तिला बोलवत असे, तेव्हा माझ्याच शरीराने वाट अरुंद होत असे, हे आईने दाखवून दिले. आता दाराला अडसर लावला आहे, म्हणजे ते वाऱ्याने हलत किंवा आपटत नाही. चटयांची पट्टी उंबरठ्यापलीकडे वाढवली. मी समोरच्या खोलीच्या दूरच्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून बसते. रात्री ती सगळे घर हुंगत फिरते, हे कॅमेऱ्यात आधीच दिसत होते. आज ती दिवसाढवळ्या बाहेर आली, माझ्या चपला बराच वेळ हुंगल्या आणि दुडक्या चालीने परत गेली.

१९ मार्च

तिने स्वतः येऊन माझ्या कोपराला नाक लावले. मी हलले नाही, वाचत राहिले. नाक ओले आणि थंड होते, आणि मिशांचे केस कातडीवर टेकलेले स्पष्ट जाणवत होते. नंतर ती दूर गेली आणि तिने पाण्यातून निघाल्याप्रमाणे सगळे अंग झाडले. अंग झाडणे ही ताण उतरल्याची खूण असते.

२७ मार्च

स्पर्शाचा नियम असा ठरवला आहे. डोक्यावर हात न्यायचा नाही, कारण वरून येणारा हात तिला दिसेनासा होतो. ती जवळ आली तर हाताची मागची बाजू छातीच्या कडेला लावायची, साधारण ३ सेकंद खाजवायचे आणि थांबून हात मागे घ्यायचा. ती अंगाने टेकली किंवा तिने नाकाने हात ढकलला तर पुन्हा ३ सेकंद. ती स्तब्ध राहिली, तिने तोंड वळवले किंवा नाक चाटले तर तिचे उत्तर "नको" असे आहे आणि ते मान्य करायचे. घरात हा नियम पाळणे भावाला सर्वांत अवघड गेले. ती टेकून बसली की त्याचा हात थांबत नाही. तरीही "नको" मान्य होते हे तिला कळू लागल्यापासून ती "हो" अधिक वेळा म्हणते आहे, हे त्यानेच मला सांगितले.

५ एप्रिल

नव्या हार्नेसची तयारी सुरू आहे. पट्ट्याची तिला भीती नाही, बकलच्या "कट्" आवाजाची आहे. म्हणून मी शेजारच्या खोलीत, बकल रुमालात गुंडाळून लावते आणि आवाज झाल्यानंतर लगेच खाऊ टाकते. क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. खाऊ आधी आणि आवाज नंतर असे झाले तर खाऊ हीच पुढच्या संकटाची चाहूल ठरते. रुमाल हळूहळू काढला, अंतर हळूहळू कमी केले. शाबासकीसाठी क्लिकरही (दाबले की टक् वाजणारे छोटे साधन) वापरला नाही, कारण त्याचा आवाजही असाच तीक्ष्ण असतो. त्याऐवजी "हं" एवढाच उच्चार ठेवला आहे.

१८ एप्रिल

पहिल्यांदा बाहेर. हार्नेस तीन पट्ट्यांचा घेतला आहे आणि तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, कमरेच्या निमुळत्या भागावर बसतो. घाबरलेले कुत्रे पुढे पळत नाही, मान खाली घालून उलटे सरकते, आणि साध्या हार्नेसमधून त्याचे पुढचे पाय क्षणात निसटतात. तिसरा पट्टा छातीच्या रुंद भागावरून पुढे सरकू शकत नाही. शिवाय गळपट्ट्याला दुसरी दोरी लावून ती माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवली. घराचे दार लागल्याशिवाय फाटक उघडायचे नाही, हा नियम कागदावर लिहून दारावर चिकटवला आहे.

पहाटे रस्ता रिकामा असताना निघालो आणि फाटकापासून थोड्या अंतरावर बसून राहिलो. ती चालली नाही. तिने वारा हुंगला, गवत हुंगले आणि नंतर घराकडे तोंड केले, तेव्हा आम्ही परतलो. फिरणे म्हणजे अंतर कापणे असा हट्ट धरला नाही, हे बरे झाले.

२९ एप्रिल

वाईट दिवस. सकाळी शेजारी ड्रिल मशीन चालू होते, दुपारी दारावरची घंटा वाजत राहिली, संध्याकाळी कोणीतरी ताट पाडले. यातील एकेक गोष्ट तिने याआधी पचवली होती. एकावर एक आल्या तेव्हा मात्र आई भांडे उचलायला वाकल्यावर ती गुरगुरली. आई तिथेच थांबली, हळूच मागे झाली आणि भांडे रात्रीपर्यंत तसेच राहू दिले. कोणीही तिच्यावर ओरडले नाही. गुरगुरणे ही सूचना आहे. ती दिल्याबद्दल शिक्षा केली तर भीती कमी होत नाही, फक्त सूचना बंद होते आणि कुत्रे पुढच्या वेळी न गुरगुरता चावते. पुढचे दोन-तीन दिवस फिरणे, हार्नेस, सराव सर्व बंद ठेवून तिला हवे तितके झोपू दिले.

६ मे

वरच्या नोंदीनंतर लक्षात आले की डाव्या बाजूने कोणी आले तर ती जास्त बिचकते. डॉक्टरांकडे नेले. जाण्यापूर्वी देण्यासाठी त्यांनी भीती कमी करणारे औषध आधीच लिहून दिले होते. काही जुनी गुंगीची औषधे शरीर फक्त सुस्त करतात आणि भीती तशीच ठेवतात, म्हणून औषध निवडण्याचे काम आपण करू नये, असे त्यांनी बजावले. तपासणीत डाव्या कानात खोलवर संसर्ग निघाला. किती दिवस तो कान दुखत असेल कोण जाणे. भीती समजून आपण ज्यावर महिनोन्महिने मेहनत घेतो, त्यातला काही भाग दुखणे असू शकतो. हे वाचणाऱ्याने कानांची, दातांची आणि सांध्यांची तपासणी माझ्यापेक्षा लवकर करून घ्यावी.

रोज द्यायच्या औषधाचा पर्यायही डॉक्टरांनी समजावून सांगितला. त्या प्रकारच्या औषधांचा परिणाम दिसायला सहसा ४ ते ६ आठवडे लागतात. आधी कान बरा करायचा आणि नंतर ठरवायचे, असे आम्ही ठरवले.

३० मे

कान बरा झाला. डावीकडून येणाऱ्या हाताला ती आता मान वळवून पाहते. रोजचे औषध तूर्त लागणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

११ जून

पहिला गडगडाट. ती थरथरत माझ्या पायांमागे येऊन बसली. अशा वेळी कुत्र्याला जवळ घेतले तर भीतीला खतपाणी मिळते, असे अनेकांनी सांगितले होते. ते खरे नाही. भीती ही भावना आहे, खाऊ मिळावा म्हणून केलेली करामत नव्हे, आणि धीर दिल्याने ती वाढत नाही. मी खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला आणि तिने पाठ टेकवली तिथे हात ठेवला. गडगडाट थांबेपर्यंत ती तिथेच होती.

२४ जून

खर्चाविषयी. महागडी गादी तशीच पडून आहे, ती जुन्या चादरीवरच झोपते. रबरी चटया, तीन पट्ट्यांचा हार्नेस आणि डॉक्टरांची घरभेट यांवरचा खर्च पुरेपूर वसूल झाला. पहिला, अस्तर नसलेला हार्नेस मात्र पैसे आणि वेळ दोन्ही घेऊन गेला.

घरातल्या तिघांजवळ ती आता आपण होऊन येते. पाहुण्यांसमोर येत नाही आणि आम्ही तिला आणतही नाही; तिच्याकडे बघू नये, बोलू नये, हात पुढे करू नये, एवढेच पाहुण्यांना दारातच सांगतो.

नखे वाढली आहेत आणि नेलकटर दिसताच ती खोलीबाहेर जाते. म्हणून एका फळीवर सँडपेपर चिकटवून ती तिरकी उभी केली आणि तिने पंजा टेकवला की खाऊ देणे सुरू केले. पुढच्या दोन्ही पंजांची नखे ती आता स्वतःच फळीवर घासते. मागच्या पायांसाठी ही युक्ती अजून जमलेली नाही. त्यांच्यासाठी फळी आडवी ठेवून पाहणार आहे, आणि तोवर ती नखे डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत, आधी औषध देऊन, कापून घेऊ.